शंभरातले बहात्तर

आमच्या घरात माणूस उचलणं हे झाडलोट, पाणी, चूल यांच्यासारखंच रोजचं काम होतं. सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या वेळेला एकदा. उचलायचं माणूस म्हणजे माझी माय. घरावरच्या मातीच्या धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना पाय घसरून ती अंगणात पडली, आणि तेव्हापासून कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. हात मात्र शाबूत होते आणि जीभही. सकाळी बाजेवरून उचलून तिला शेजारच्या खुर्चीत बसवायचं, म्हणजे उघड्या दारातून तिला अंगण, कडुनिंब आणि रस्त्याने जाणारी-येणारी माणसं दिसत. संध्याकाळी पुन्हा खुर्चीतून बाजेवर. दिवसभर निजूनच राहिली तर पाठीला जखमा होतील, असं वाशिमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जखमांची गोष्ट निराळी, मायला निजून राहायचंच नव्हतं. छपराची लाकडं मोजून मोजून कंटाळा आला म्हणायची.

बाबा घरी असले की प्रश्नच नसायचा. ते मायला दोन्ही हातांवर घेत आणि "चाल राणीसाहेब" म्हणत खुर्चीत ठेवत. मायला ते आवडायचं, आणि आवडत नसल्यासारखं तोंड ती करायची. पण दिवाळी झाली की बाबा नागपूरकडच्या विटाभट्टीवर जात, ते मिरगाच्या तोंडावर परतत. मधले सहा-सात महिने घरात आम्ही दोघीच. मी एकुलती एक, आठवीतली, अंगाने काडी. मामाचं गाव मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्याही पलीकडे, तिकडचं माणूस वर्षातून एकदा यात्रेच्या निमित्तानेच दिसायचं. म्हणून मायला उचलायला शेजारची शेवंताकाकू यायची.

काकूचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच मातीची भिंत होती. ती शिंकली तर आम्हाला कळायचं, आमच्याकडे फोडणी जळली तर तिला. जऊळक्याच्या स्टेशनात सकाळची गाडी शिटी द्यायची, ती आमच्या वस्तीपर्यंत ऐकू यायची. शिटी झाली की पाच मिनिटांत काकू दारात. पदर कमरेला खोचून ती मायच्या काखेत हात घालायची, मी पाय धरायची, आणि "हां, उचल वं" म्हणेपर्यंत माय खुर्चीत. काम संपायला दोन मिनिटं लागत. काकू मात्र अर्धा तास बसायची. येताना पदरात काहीतरी असायचंच. निवडायची अंबाडीची भाजी, सोलायच्या तुरीच्या शेंगा, नाहीतर भाकरीवर ठेवलेला ठेचा. दोघी शेंगा सोलत बसत आणि बोलत. काय बोलत ते मला आज आठवत नाही, कारण ते ऐकण्यासारखं आहे असं मला वाटतच नव्हतं. मी तेव्हा शाळेची घाई करत वेणी घालत असायची. एवढं आठवतं की माय हसायची. काकू गेल्यावर दिवसभर ती तशी हसत नसे.

आता काकूची सासू. तिला सगळी वस्ती म्हातारीच म्हणायची. काकूने उगीच कुणाकडे जाऊन बसणं म्हातारीला खपत नसे. "रिकामी बसाले गेली" हा तिच्या दृष्टीने सुनेचा सगळ्यात मोठा गुन्हा होता. वस्तीतल्या हळदीकुंकवालाही काकूला उशिरा जावं लागे आणि लवकर परतावं लागे. पण बिमार बाईला उचलायला जाते, याला नाही कसं म्हणणार? लोक काय म्हणतील? म्हणून म्हातारी कुरकुर करायची, पण अडवायची नाही. काकूला उंबऱ्याबाहेर पडायला तेवढी एकच वाट होती, आणि ती आमच्या घरात येत होती. हे मला आता कळतं. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची.

एका सकाळी काकू मायला उचलून शेंगा सोलत बसली असताना भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज आला. मुद्दाम ऐकू यावा असाच. "रोज रोज ढोर उचलल्यावानी कायले उचलते वं? त्याइले म्हनाव, ठेवा एखादं मानूस!" मायने मान खाली घातली आणि शेंगा सोलत राहिली, पण दाणे खाली पडत होते. मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ढोर. माझ्या मायला. मी तिथल्या तिथे मनात ठरवलं की आता कोणाची गरज ठेवायची नाही. मायला मी एकटी उचलीन. हे ठरवताना मायला विचारावं, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच दिवसांत शाळेत साध्या यंत्रांचा धडा चालू होता. तरफ, उतरण, पाचर, कप्पी. आमचे विज्ञानाचे सर फळ्यावर खडू आपटून सांगत, "यंत्र ताकद देत नाही, फक्त तिचे सुटे करून देते." एक शब्द त्यांनी दोनदा लिहून घेतला, यांत्रिक फायदा. मला वाटलं, आपल्याला पाहिजे ते हेच. विहिरीवरचं दोराचं चाक, ज्याला आमच्याकडे गराडी म्हणतात, तिचंच पुस्तकातलं नाव कप्पी, हेही त्या दिवशी कळलं. आमच्या परसात एक आटलेली विहीर होती आणि तिच्यावर गंजलेली गराडी लटकत होती. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या शाळेत हाच धडा तीस-बत्तीस वर्षं शिकवला, आणि दरवर्षी 'फायदा' शब्दाशी आले की माझा आवाज किंचित घसरायचा. पोरांना वाटायचं, बाईंना सर्दी झाली.

गराडी काढून मी घराच्या मधल्या आडव्या लाकडाला, बाजेच्या बरोबर वर, तारेने घट्ट बांधली. मायने स्वतः बाजेवर पडल्या पडल्या सुतळी-दाभणाने बारदानाची झोळी शिवली, चारही कोपऱ्यांना दोर लावले. तिला मोठी गंमत वाटत होती. "पाळना करून राह्यली काय माह्यासाठी?" म्हणाली. झोळी तिच्याखाली सरकवली, दोर गराडीवरून घेतला आणि मी दुसऱ्या टोकाला सगळ्या अंगाने लटकले. माय जागची हलली नाही. ओढता ओढता मीच वर गेले. जमिनीपासून हातभर वर, पाय हवेत झाडत. माय बाजेवरून माझ्याकडे बघत होती, आणि मग ती जी हसायला लागली ती डोळे पुसेपर्यंत हसत राहिली. "अवं, मले उठवाचं होतं का तुले?"

चूक माझीच. वर बांधलेली एकटी गराडी फक्त दोराची दिशा बदलते, ताकद एका पैशाचीही वाचवत नाही, हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. माय बेचाळीस किलो, मी एकतीस. जड बाजू खालीच राहणार. फायदा पाहिजे असेल तर दुसरी गराडी लागते, जी ओझ्याबरोबर स्वतः वर-खाली होते. मग ओझं दोराच्या दोन पदरांवर वाटलं जातं आणि आपल्याला निम्मंच ओढावं लागतं. त्याच्या बदल्यात दोर दुप्पट ओढायचा.

दुसरी गराडी कुणी दिली? शेवंताकाकूने. मी विचारलं तेव्हा ती अंगणात धान्य पाखडत होती. "घेऊन जाय. आमची हीर कधीची आटली, ते तं नुसती लटकून राह्यली," म्हणाली. "कायले पाह्यजे वं?" मी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग मी नाई आली तरी चालीन आता." मला वाटलं, तिला सुटका झाल्याचा आनंद झाला आहे. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हो काकू, आता तुमाले तरास नाई." तिने स्वतः शिडीवर चढून गराडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

या वेळी माय उठली. एका पदराचं टोक वर लाकडाला पक्कं, दोर खाली येऊन काकूच्या गराडीतून परत वर, मग वरच्या गराडीतून खाली माझ्या हातात. काकूची गराडी झोळीला आकड्याने अडकवलेली. मी ओढत गेले आणि बारदानासकट माय वीतभर, मग हातभर वर आली. दोराला दाराच्या खांबाभोवती दोन वेढे दिले की तो तिथेच धरून राही, मग तिला हलकेच ढकलून खुर्चीवर आणायचं आणि दोर सैल सोडायचा. खुर्चीत बसल्यावर माय माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होती की मला वाटलं, आपण जग जिंकलं. "बाप पाह्यजे होता तुया आज," एवढंच ती म्हणाली.

मी तिथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण सरांनी पुढच्या धड्यात कार्यक्षमता शिकवली. आपण घातलेल्या श्रमातले किती कामी आले आणि किती वाया गेले, याचं माप. मी कापूस वेचणीच्या वेळी वजनं करायचा काटा मागून आणला. मायचं वजन भागिले दोन, म्हणजे खरं तर मला एकवीस किलोच ओढावं लागायला हवं होतं. काटा अठ्ठावीस दाखवत होता. शंभरातले पंचाहत्तर कामी, पंचवीस पाण्यात. हे पंचवीस कुठे जात होते ते सगळ्या वस्तीला ऐकू येत होतं, कारण काकूची गराडी फिरताना असा चीत्कार करायची की कडुनिंबावरचे कावळे उडत. आणि आवाज झाला की काकू यायची. "आयकलं मी. म्हटलं पोट्टी एकटीच उठवून राह्यली, दोर सोडून देईन ते," असं काहीतरी म्हणत ती दारात उभी राही, खुर्ची धरी, आणि मग हळूच खाली टेके. पहिल्याइतका वेळ नाही, पण टेकायची. म्हातारीसुद्धा आवाज ऐकून म्हणायची म्हणे, "जाय पाह्य, पाडीन ते तिले."

सरांना मी आकडे दाखवले. ते खूश झाले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे मांडायचं म्हणाले, आणि म्हणाले, "आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद. तेल दे." मी दोन्ही गराड्या रॉकेलने धुतल्या आणि आसात बैलगाडीचं वंगण भरलं. काटा चोवीसवर आला. शंभरातले साडेसत्त्याऐंशी! आणि आवाज गेला. पार गेला. मायला उचलताना आता घरात फक्त माझा श्वास ऐकू यायचा.

काकू दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने ती हापशीवर भेटली तेव्हा कळशी भरता भरता म्हणाली, "म्हातारी म्हनते, पोट्टीनं मशीन बसवली, आता तुयं काय काम तिथं." मी हे कौतुक समजले. घरी येऊन मायला सांगितलंसुद्धा. मी दहाला शाळेत जायची, पाचनंतर परतायची. तेवढा वेळ माय खुर्चीत, समोर अंगण. माणसं शेतात गेलेली. दुपारची गाडी शिटी देऊन जायची. मी आले की ती गाडी उशिरा गेली की वेळेवर, एवढं सांगायची. दुसरं सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. मी निरोप्यासारखी शाळेतलं सगळं भडाभडा ओकायची आणि मग गृहपाठाला बसायची. आमच्या घरात इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती अभ्यासाला फार बरी वाटत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

मग एक दिवस दोर जड लागला. दुसऱ्या दिवशी आणखी जड, आणि खालच्या गराडीने पुन्हा गळा काढला. काटा लावला तर एकोणतीस. शंभरातले बहात्तर, म्हणजे तेल देण्याआधीपेक्षाही वाईट. मी गराडी उघडली. आसात वंगणाबरोबर राखाडी चिखल भरला होता. बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. राखुंडी. मायची दात घासायची राखुंडी, जिचा डबा तिच्या उशाशी असायचा. ती खुर्चीत बसली की सैल सोडलेली ती गराडी तिच्या मांडीवरच पडलेली असायची.

"माय, हे तू टाकलं?"

माय दाराबाहेर बघत होती. "हो."

"काहून?"

"आवाज बरा वाटते मले."

मी तिच्यावर ओरडले. प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद असते, माझी ताकद, मी रोज मरते ओढता ओढता आणि तू त्यात माती कालवतेस, असं मी म्हटलं. आणखीही म्हटलं. मी गराडी धुतली, वंगण भरलं आणि राखुंडीचा डबा तिच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून तिला दात घासायला चिमूटभर राखुंडी मी हातावर काढून देऊ लागले. तेराव्या वर्षी मी माझ्या मायला मोजून राखुंडी दिली.

आता मी निवृत्त आहे. मालेगावला वाशिम रोडलगत दोन खोल्यांचं घर आहे, नवरा गेला, मुलगी लांब. घरात सगळं न वाजणारं. पंखा नवा, फ्रीज नवा, नळ न गळणारा. दिवसच्या दिवस मी बोललेला शब्द म्हणजे मोबाइलवरचा. मध्यंतरी फाटक दुरुस्त करायला माणूस आला, म्हणाला, "बाई, फार वाजते, ग्रीस मारून देऊ?" मी इतक्या जोरात नाही म्हटलं की तो दचकला. फाटक वाजलं की समोरची बाई खिडकीतून बघते, आणि कधी कधी विचारते, कोण आलं म्हणून.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी शाळा दुपारीच सुटली. गावातलं कोणी जुनं माणूस वारलं होतं. मी अनवाणीच घरी आले, चपलेचा पट्टा तुटला होता म्हणून, आणि त्यामुळे मायला माझी चाहूल लागली नाही. मी दारात थबकले. माय खुर्चीत होती. झोळीचा आकडा तिने गराडीतून काढून टाकला होता. खांबाला लावलेलं दोराचं टोक तिने कसंतरी हातात मिळवलं होतं आणि ती ते ओढत होती. ओढायची आणि सोडायची. रिकामी गराडी वर जायची आणि खाली यायची. काही उचलायचं नव्हतं. चाकं फिरत होती, मी बसवलेली, मी तेल दिलेली, आणि कणभरही आवाज येत नव्हता. मायचं तोंड माझ्याकडे नव्हतं, दाराकडेही नव्हतं. ते मधल्या भिंतीकडे होतं. ओढून झालं की ती थांबायची, कान द्यायची, आणि पुन्हा ओढायची.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. भिंतीपलीकडे काकूच्या भांड्यांचा आवाज येत होता, ती तिथेच होती, हाताच्या अंतरावर. मायने हाक मारली असती तर तिला ऐकू गेलं असतं. पण हाक काय म्हणून मारणार? बसायला ये म्हणून? त्या वाटेने काकूला येता येत नव्हतं हे मायला माहीत होतं, आणि ज्या वाटेने येता येत होतं ती मी बुजवली होती.

मायला मी दिसले तेव्हा तिने दोर सोडून दिला, चोरी पकडल्यासारखा. फळीवरून राखुंडीचा डबा काढला, गराडी खाली घेतली आणि चांगली मूठभर राखुंडी आसात कोंबली. बोटाने दाबून दाबून. माय बघत राहिली. मग मी दोर ओढला. दोनदा काहीच झालं नाही, आणि तिसऱ्यांदा काकूच्या गराडीने तिचा तो जुना, कान किटवणारा चीत्कार केला.

पलीकडची भांडी थांबली.

"सुमे," भिंतीतून काकूने मायला हाक घातली, "कोन उठवून राह्यलं वं यावख्ती?"

मायने माझ्याकडे पाहिलं. ती उत्तर देणार नव्हती. बोलायचं मलाच होतं, आणि जे बोलायचं होतं ते न बोलण्यासाठीच मी दोन महिने हा सगळा खटाटोप केला होता. मी दोर हातात घट्ट धरला आणि म्हातारीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "मीच हाय, काकू. मले एकटीले नाई जमत. या नं!"

पलीकडे म्हातारी काहीतरी पुटपुटली. मग स्पष्ट ऐकू आलं, "मोडली वाटते पोट्टीची मशीन. जाय बाई, जाय."

काकू धावतच आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. उंबऱ्यात थांबली. माय तर खुर्चीत बसलेलीच होती. झोळी खाली पडलेली, माझ्या हातात रिकामा दोर, बोटं राखुंडीने माखलेली. काकूने माझ्याकडे बघितलं, वर गराडीकडे बघितलं, मायकडे बघितलं.

"मंग?" ती म्हणाली. "कुठून उचलाचं?"

"बस आंदी," माय म्हणाली.